उभी बाटली, आडवी बाटली

मराठवाड्यातल्या गावात ‘आडवी बाटली’ म्हटलं की मतपत्रिकेवरचं चित्र आठवतं. बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा आणि गावातलं दारूचं दुकान बंद पाडायचं. या शब्दामागे फार सोसणं आहे. इथे ऑस्ट्रेलियात, ॲडलेडपासून तासाभरावरच्या बारोसा खोऱ्यात, आडवी बाटली म्हणजे तळघरात वीस वर्षं निजवलेली शिराझ, त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन. जानेवारी २०२२मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं, तेव्हा एक बाजू म्हणाली शेतकऱ्याचं भलं होईल, दुसरी म्हणाली घरोघरी दारू शिरेल. दोघांचीही नजर दुकानाच्या फळीवर होती. वेलीबद्दल कुणी फारसं बोललंच नाही.

जुनी शिराझ चाखताना वेलीचं महत्त्व कळतं. बाटली आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. सुकलं की ते आकसतं आणि हवा आत जाते. उघडण्याआधी दोन दिवस ती उभी करायची, म्हणजे गाळ तळाशी बसतो. ही भेसळ नव्हे. रंग आणि टॅनिन (सालीतलं तुरट द्रव्य) वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून जड होतात, त्याचा हा गाळ. जुनं बूच स्क्रूने भुगा होऊन तुटतं, म्हणून दोन पात्यांचा चिमटा बरा: पाती बूच आणि काच यांच्यामध्ये आळीपाळीने सरकवायची आणि पिळत वर ओढायचं. मग बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून, धार न तोडता, काचेच्या सुरईत ओतायचं. मानेशी गाळाची रेघ आली की हात थांबवायचा. तळाचे दोन-तीन चमचे वाया गेले तर जाऊ द्यावेत.

पिताना १६ ते १८ अंश हवेत. ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड देशांतल्या घरांचा. लातूरच्या एप्रिलात नाकात नुसतं अल्कोहोल भरेल. तिथे आधी तासभर फ्रिजमध्ये, उभीच ठेवावी. पेला एक तृतीयांश भरून पांढऱ्या कागदावर तिरका धरला की कडेला विटकरी रंग दिसतो. तरुण शिराझमध्ये जांभूळ आणि काळी मिरी असते. मिरीचा तो वास रोटंडोनचा, खऱ्या मिरीतही तेच द्रव्य. वयाबरोबर चामडं, सुकं अंजीर, तंबाखू पुढे येतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बाधलेलं आहे, हवा देऊन तो जात नाही. आणि जुनी वाइन तासन्‌तास उघडी ठेवू नये; फुललेला वास बघता बघता विरतो.

चवीची ही खोली वेलीच्या वयातून येते, असं माझं ठाम मत आहे. बारोसात १८४३ सालच्या शिराझच्या वेली अजून फळतात. द्राक्षांची मुळं खाणारी फिलॉक्सेरा कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात पोचलीच नाही, म्हणून त्या स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. हेन्श्के घराणं १८६८पासून वाइन करतं. त्यांच्या ‘हिल ऑफ ग्रेस’ या बागेतल्या सर्वांत जुन्या वेली १८६०च्या सुमाराच्या, आणि त्या नावाची पहिली वाइन १९५८ची. मधे १९८०च्या दशकात इथल्याच सरकारने बागा उपटायला पैसे दिले आणि कित्येक जुन्या वेली गेल्या. सरकारी योजना वेलीचं वय मोजत नाही, हे आपणही ध्यानात ठेवावं.

द्राक्ष मराठवाड्याला परकं नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दौलताबादची द्राक्षं वर्षातून दोनदा पिकतात असं लिहिलंय. पण अडचणही तीच: आपल्या उन्हात वेल झोपत नाही. म्हणून वर्षात दोनदा छाटायची: एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोडी छाटणी. बारोसातली वेल हिवाळाभर निजते आणि छाटणी एकदाच. आपली वेल लवकर थकते, म्हणून शंभर वर्षांच्या बागेचं स्वप्न शेतकऱ्याला दाखवू नये.

आणि शिराझचा मणी लहान, जाड सालीचा, बियांचा. बाजारात तो कुणी घेत नाही, बेदाण्यालाही चालत नाही. खायच्या थॉमसन द्राक्षाचा भाव पडला तर बेदाणा करता येतो. शिराझ वायनरीने नाकारली की माल बांधावरच. म्हणून फळीवर वाइन नको म्हणणाऱ्या बायकांचं म्हणणं मानलं, तरी शेतकऱ्याचा खरा प्रश्न शिल्लक राहतो. लागवडीआधी लेखी करार हवा: साखर किती ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) पोचल्यावर द्राक्षं तोडायची, साखर मोजणार कोण, तोडल्यावर किती तासांत माल उचलायचा, आणि नाकारला तर किलोमागे किती रुपये द्यायचे.