‘इमारती थांबवा, गाड्या घ्या’ : पटतं, पण बरोबर नाही

कुठे ॲम्ब्युलन्स उशिरा आल्याची बातमी आली की एक मेसेज नव्याने फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, सार तेच : ‘सरकार दवाखान्यांच्या इमारतींवर कोट्यवधी उधळतंय, उरलेले लाडक्या बहिणींना वाटतंय, म्हणून ॲम्ब्युलन्सला पैसा नाही. इमारती थांबवा, गावोगावी गाडी द्या, सेवा खासगी कंपनीकडे सोपवा. माणसं मरायची थांबतील.’ सोबत बहुतेक वेळा सप्टेंबर २०२४ मधला गडचिरोलीचा व्हिडिओ असतो. आईबाप आपल्या दोन मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलातून चाललेत.

तो पाहून चीड येणार नाही असा माणूस विरळा. पण चिडून काढलेला उपाय बरोबर असतोच असं नाही, आणि हा तर उलटा पडणारा आहे.

‘गाड्याच नाहीत’

हे थोडं खरं आहे, तेवढं आधी मान्य करून टाकतो. १०८ ची सेवा २०१४ च्या जानेवारीत ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली : २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या (गंभीर रुग्णांसाठीच्या, जास्त यंत्रं असलेल्या), ७०४ बेसिक, म्हणजे साध्या. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निकष पाच लाख लोकांमागे एक ॲडव्हान्स्ड आणि लाखामागे एक बेसिक असा आहे. २०११ च्या जनगणनेचे सव्वाअकरा कोटी धरले तरी २२५ ॲडव्हान्स्ड आणि ११२५ बेसिक लागतात. म्हणजे मोठ्या गाड्या निकषात बसत होत्या, साध्या चारशेहून जास्त कमी होत्या. २०२४ च्या नव्या कंत्राटात एकूण १,७५६ वाहनं धरली आहेत आणि त्यात १,२७४ बेसिक. कागदावर तरी ही तूट भरून निघते.

‘गावोगावी गाडी’ मात्र सोडूनच द्या. राज्यात चाळीस हजारांवर गावं आहेत. गाडी विकत घेणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग. चोवीस तास चालवायची तर पाळीपाळीने पायलट हवा (१०८ वाले ड्रायव्हरला पायलट म्हणतात), डॉक्टर हवा, डिझेल हवं, ऑक्सिजन भरलेला हवा. खासदार निधीतून ॲम्ब्युलन्स घेता येते, पण तिचा रोजचा खर्च भागवता येत नाही. नारळ फुटतो, फोटो निघतो, गाडीवर नाव रंगतं. पगार कोणी द्यायचा ते मग बघू.

‘गाडी जवळ असली की वेळेत येते’

सगळा घोटाळा इथे आहे. १०८ ला फोन लावला की तो पुण्यात औंधच्या नियंत्रण कक्षात जातो आणि तिथून सगळ्यात जवळची मोकळी गाडी निघते. मोकळी. शहरात २० मिनिटांत, ग्रामीण भागात ३० मिनिटांत पोचायचं असं ठरलेलं आहे. हे घड्याळ रुग्णाच्या दारात थांबतं. पुढे गाडी किती तास अडकते, ते त्यात मोजलं जात नाही.

रात्री अडलेली बाई घेऊन गाडी ग्रामीण रुग्णालयात येते. तीस खाटा, ऑपरेशन थिएटर आहे, टेबल आहे, वर दिवाही आहे. भूलतज्ज्ञ नाही, म्हणून सिझर नाही. ‘पुढे न्या.’ उपजिल्हा रुग्णालयात सर्जन आहे, रक्त नाही. ‘जिल्ह्याला न्या.’ गाडी रुग्णाला तिथे सोडून परत तालुक्याला येईस्तोवर तीन-चार तास सहज जातात. तेवढ्यात त्याच तालुक्यात कोणाला साप चावला तर गाडी शेजारच्या तालुक्यातून निघणार. बातमी होते ‘ॲम्ब्युलन्स उशिरा आली’. ती उशिरा आली कारण भूलतज्ज्ञाची जागा रिकामी होती. आणखी दोन गाड्या दिल्या तर त्याही याच रस्त्याला लागतील.

पालघरकडे पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका गरोदर बाईला कासा उपजिल्हा रुग्णालयातून पुढे पाठवलं. कुठे? सिल्वासाला. म्हणजे राज्याच्या बाहेर. ती वाटेतच दगावली. १०८ ची सुसज्ज गाडी वेळेत मिळाली नाही, हा घरच्यांचा आक्षेप होता आणि तो गंभीर आहे. पण उपचारांसाठी राज्याची हद्द का ओलांडावी लागावी, हा प्रश्न मेसेजवाल्यांना पडत नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याला दहा वर्षं झाली तेव्हाही तिथलं जिल्हा रुग्णालय बांधून पुरं झालेलं नव्हतं. आता सांगा, कुठली इमारत थांबवायची?

जुलै २०२५ मध्ये याच जिल्ह्यात अंगावर झाडाची फांदी पडून जखमी झालेल्या एका बाईला मुंबईला नेत होते. ॲम्ब्युलन्स मिळाली होती. ती महामार्गाच्या कोंडीत काही तास अडकली. मोठी दुखापत हाताळणारं ट्रॉमा सेंटर जिल्ह्यातच असतं, तर त्या कोंडीत शिरायची वेळ आली नसती.

आणि नांदेड? ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तिथल्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यातले १२ नवजात. रुग्ण शेवटच्या घटकेला, दुरून आले, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. तसं असेल, तर वाटेतल्या तालुक्यांच्या रुग्णालयांनी त्यांना का ठेवून घेतलं नाही हे विचारायला हवं. गाड्या तर दारापर्यंत पोचल्याच होत्या.

‘इमारतींवरचा पैसा वाया जातो’

जातो, पण वेगळ्या कारणाने. बांधकामाला एक मंजुरी लागते आणि पदनिर्मितीला दुसरी. पहिली मिळवायला आमदारांना उत्साह असतो, कारण तिच्यात भूमिपूजन असतं. दुसरीची फाइल वित्त विभागात फिरत राहते. मग नवं कोरं रुग्णालय कुलूपबंद, किंवा उघडं पण बिनडॉक्टरचं. यावर उपाय म्हणून बांधकामाचा पैसा गाड्यांना वळवला, तर बिनडॉक्टरच्या इमारतीच्या जोडीला बिनडॉक्टरची गाडी मिळेल.

‘लाडक्या बहिणींनी पैसा खाल्ला’

योजना जुलै २०२४ पासूनची. राज्यांनी बजेटच्या आठ टक्क्यांहून अधिक आरोग्यावर खर्च करावेत असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आहे, तेही २०२० पर्यंत. महाराष्ट्र त्याच्या आसपासही नव्हता, आणि तेव्हा बहिणींना कोणी काही देत नव्हतं. योजनेसाठी सुरुवातीला वर्षाला ४६ हजार कोटी धरले होते; एवढ्या खर्चाचा ताण इतर खात्यांवर पडतो का, यावर जरूर भांडा. पण ही तंगी त्याआधीची आहे, आणि तिच्यात सगळ्या पक्षांचा वाटा आहे.

‘खासगीकडे द्या’

दिलेलीच आहे. २०१४ पासून १०८ चालवते ती बीव्हीजी, खासगी कंपनी. नव्या कंत्राटातही खासगी कंपन्याच आहेत.

आणि तो व्हिडिओ

ती दोन्ही मुलं तापाने आजारी होती. जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रात आणली तेव्हा वेळ निघून गेली होती. देचलीपेठ्याहून गाडी मागवतो म्हणाले, पण आईबाप थांबले नाहीत, पायी निघाले. १०८ ही जिवंत रुग्णासाठीची सेवा आहे. मृतदेह घरी पोचवायला शववाहिका लागते, आणि त्या भागात रस्ताही धड नाही. त्या आईबापांवर आलेली वेळ लाजिरवाणीच आहे. पण १०८ च्या ताफ्यात शंभर गाड्या वाढवल्याने तिच्यातलं काय बदललं असतं?

मेसेज पुढे ढकलण्याऐवजी करता येण्यासारखं एक काम आहे. तुमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर कोण आहे ते काढा आणि मागच्या तीन महिन्यांत किती रुग्ण पुढे पाठवले, कशासाठी पाठवले, याचा हिशेब मागा. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. ‘भूलतज्ज्ञ उपलब्ध नाही’ असं किती वेळा लिहिलंय ते मोजा, आणि तो आकडा घेऊन आमदारांकडे जा.