लेखी मागितलं की खिडकी बंद!

"हे कार्ड इथे चालत नाही." दवाखान्याच्या खिडकीपलीकडचा माणूस मान वर न करता एवढंच बोलतो आणि पुढच्याला हाक मारतो. ना कागद, ना सही, ना कुठल्या नियमाचा आधार. निर्वासितांना, कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेल्यांना उपचारांविना असंच परत पाठवतात. संतापाची गोष्ट ही, की या तोंडी नकारातच पुढची सगळी कोर्टबाजी अडकते. अपील करायला आदेश लागतो. आदेशच नसेल तर दाद कशाविरुद्ध मागायची?

बरं, हक्क नाहीत असंही नाही! 1951 चा निर्वासितांविषयीचा करार आणि 1954 चा नागरिकत्व नसलेल्यांविषयीचा करार, दोन्हींचं कलम 23 सांगतं की कायदेशीर वास्तव्य असलेल्यांना सार्वजनिक मदत नागरिकांइतकीच मिळाली पाहिजे. ज्यांचा आश्रयाचा अर्ज अजून पडून आहे, त्यांना नेमकं या 'कायदेशीर वास्तव्य' शब्दांवर बोट ठेवून अडवतात. तिथे आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांच्या कराराचं कलम 12, म्हणजे आरोग्याचा हक्क, पुढे करायचं. त्या कराराच्या समितीने 2009 मध्येच स्वच्छ लिहिलंय, कागदपत्रं असोत वा नसोत, हे हक्क निर्वासितांना, आश्रय मागणाऱ्यांना आणि नागरिकत्व नसलेल्यांनाही आहेत.

तरी जर्मनीत काय चालतं बघा. आश्रय मागणाऱ्यांसाठीच्या 1993 च्या कायद्याचं कलम 4 मुख्यतः अचानक बळावलेले आजार आणि वेदना यांवरच उपचार देतं. मानसिक आघातावरचे दीर्घ उपचार वगैरे कलम 6 खाली, म्हणजे बऱ्याच अंशी समाजकल्याण कार्यालयाच्या मर्जीवर. 2024 मध्ये या तोकड्या उपचारांचा काळ 18 महिन्यांवरून 36 महिन्यांवर नेला! बऱ्याच ठिकाणी डॉक्टरकडे जाण्याआधी त्या कार्यालयातून चिठ्ठी आणावी लागते, आणि ती द्यायची की नाही हे ठरवतो वैद्यकशास्त्राचा गंध नसलेला कारकून. लेखी नकाराविरुद्ध हरकत एका महिन्यात घ्यावी लागते. नकाराच्या पत्रात दाद कुठे मागायची हे लिहिलेलंच नसेल, तर मुदत एक वर्षाची होते. सोशल कोर्टात, म्हणजे सरकारी मदतीचे खटले चालवणाऱ्या कोर्टात, अशा माणसाला फी पडत नाही आणि तातडीचा अर्ज हरकतीबरोबरच करता येतो. हे खिडकीवर कोण सांगतं? कुणीही नाही.

म्हणून तोंडी मागणी करूच नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. आधी हाकलून दिलं असेल तर तारीख, वेळ, खिडकी, बोललेले शब्द जसेच्या तसे आणि सोबतच्या माणसाचं नाव त्यात घाला, आणि अमुक तारखेपर्यंत लेखी निर्णय द्या असं मागा. तरी गप्प बसले, तर ते गप्प बसणंच कोर्टापुढे ठेवता येतं.

बरेच अर्ज फेटाळले जातात ते डॉक्टरच्या अपुऱ्या दाखल्यामुळे. "उपचार आवश्यक आहेत" एवढंच लिहून देतात! अशा दाखल्यावर कुठला न्यायाधीश आजच्या आज आदेश देईल? निदान काय, उपचार कोणता, तो किती दिवसांत व्हायला हवा आणि उशीर झाला तर नेमकं काय जाईल, दृष्टी, मूत्रपिंड की जीव, हे चारही लिहून घ्या. आणि आधी अंतरिम आदेश मागा. मूळ दावा चालेल त्याच्या गतीने, आजार थांबत नाही.

नागरिकत्व नसलेल्यांचे हाल तर विचारू नका. "तुम्ही कुठल्याच देशाचे नाही हे सिद्ध करा." नसलेल्या गोष्टीचा दाखला आणायचा कुठून? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची 2014 ची पुस्तिका सांगते, की पुरावा गोळा करण्याची जबाबदारी अर्जदार आणि सरकार दोघांचीही. तरी माझं मत स्पष्ट आहे: उपचारांचा अर्ज नागरिकत्व नसल्याचं ठरवून घेण्याच्या अर्जाला बांधू नका, वेगळा करा. नाहीतर एकाच्या तारखांमध्ये दुसरा कुजतो.

आंतरराष्ट्रीय समित्या? नेल तुसाँ या ग्रेनेडाहून कॅनडात आलेल्या, कागदपत्रं नसलेल्या बाईंना 2009 मध्ये सरकारी आरोग्य संरक्षण नाकारलं. तिथल्या कोर्टांत त्या 2012 पर्यंत हरल्या. जगण्याचा हक्क मोडला, भेदभाव झाला, हे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने म्हटलं 2018 मध्ये. नऊ वर्षं! 2023 मध्ये त्या वारल्या. आणि देशातले सगळे मार्ग संपल्याशिवाय या समित्या सहसा दारात उभं करत नाहीत. वर मुदतीही आहेतच: आर्थिक, सामाजिक हक्कांच्या समितीकडे एक वर्ष, तेही त्या देशाने तक्रारीचा जादा करार मानला असेल तर. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाची मुदत 2022 मध्ये सहा महिन्यांवरून चारवर आणली. ते चार महिने मोजतात देशातल्या शेवटच्या निकालापासून. मधल्या काळात तुम्ही वकील शोधत होतात की अतिदक्षता विभागात होतात, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.