डावा कोपरा

सोळा वर्षं मी एका वाक्यावर काढली. "लाइनचं काही खरं दिसत नाही." एवढंच.

शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिलमध्ये घर घेतलं तेव्हाच लक्षात आलं की इथे माणसाला बेअर्सबद्दल, म्हणजे शिकागोच्या अमेरिकन फुटबॉल संघाबद्दल, मत असावंच लागतं. केस कापणारा विचारतो, दातांचे डॉक्टर तोंडात आरसा घालून विचारतात आणि उत्तराची वाटही बघतात. हाताने खेळायच्या खेळाला फुटबॉल का म्हणतात, हा विनोद मी पहिल्याच आठवड्यात करून पाहिला. कोणी हसलं नाही. मग एका कार्यालयीन पार्टीत कोणीतरी मान हलवत वरचं वाक्य म्हणालं, भोवतीच्या चौघांनी सुस्कारा सोडला, आणि मी ते उचललं.

वाक्य मोठं गुणी होतं. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा; त्याच्या पुढे पाच आडदांड उभे असतात, तीच लाइन: मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, दोन टोकांना टॅकल. एकेकाचं वजन साधारण एकशे चाळीस किलो. समोरून धावत येणाऱ्यांना क्वार्टरबॅकपर्यंत पोचू द्यायचं नाही, हे त्यांचं मुख्य काम. समोरचे पोचले आणि चेंडू सुटायच्या आत त्याला आडवा केला, की तो सॅक. चेंडू फेकणाऱ्याचे यार्ड मोजतात, झेलणाऱ्याचे झेल मोजतात. या पाचांचं काय मोजायचं हे घरी बसून बघणाऱ्याला उमगत नाही. पंचाने चूक पुकारली की तेवढ्यापुरता त्यांचा नंबर ऐकू येतो. त्यामुळे लाइनबद्दल काहीही बोला, खोडून काढायला कोणाकडे पुरावा नसतो. आणि बेअर्सच्या बाबतीत तर माझं वाक्य दरवर्षी खरंच ठरायचं.

2024 च्या मोसमात त्याने कळस गाठला. केलेब विल्यम्स नावाचा क्वार्टरबॅक पोरगा संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, पहिल्या क्रमांकावर उचलला होता. त्या पोराला एका मोसमात 68 वेळा आडवा केला. सामने सतरा. म्हणजे सामन्याला सरासरी बरोबर चार, दर क्वार्टरला, म्हणजे पाव सामन्याला, एक, एसटीच्या वेळापत्रकात नसेल इतकी शिस्त. संघ मधे ओळीने दहा सामने हरला. माझ्या वाक्याला तर शास्त्रवचनाची कळा आली. शेजाऱ्यांनी आपल्या मेहुण्याशी माझी ओळख करून दिली ती "लाइन कळणारा माणूस" अशी.

या शेजाऱ्यांना आम्ही घरात पंच्याऐंशीराव म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे-मागे. कुठलाही विषय काढा, ते 1985 च्या मोसमात पोचतात. त्या मोसमाचा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, बेअर्सनी जानेवारी 1986 मध्ये 46–10 असा जिंकला, आणि त्यानंतर आजतागायत एकही नाही. आपण अष्टविनायक म्हणावेत तशी ते त्या लाइनची नावं म्हणतात: कव्हर्ट, बोर्ट्झ, हिल्गनबर्ग, थेअर, व्हॅन हॉर्न. गवत कापायचं यंत्र चालू होत नसलं तरी आधी ही पाच नावं, मग दोरी.

माझ्या सुखाला दृष्ट लागली ती 2025 च्या मार्चात. बेन जॉन्सन हा डेट्रॉइटचा डोकेबाज माणूस जानेवारीत मुख्य प्रशिक्षक म्हणून आला होता. मार्चमध्ये संघाने लाइनच्या मधले तिघंच्या तिघं बदलले. कॅन्सस सिटीकडून जो थूनी हा गार्ड आणला, ज्याच्याकडे सुपर बोल जिंकणाऱ्यांना मिळणाऱ्या चार अंगठ्या आहेत. दुसरा गार्ड जोना जॅक्सन लॉस एंजेलिसहून आला. सेंटर ड्रू डालमन अटलांटाहून आला, तीन वर्षांना चार कोटी वीस लाख डॉलर. बर्फ वितळायच्या आत पंच्याऐंशीराव आमच्या दारात उभे.

"मग? आता काय म्हणता?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, माझ्याकडे दुसरं वाक्यच नाही.

"बघू या," मी म्हणालो. त्यांचा चेहरा असा पडला, की जणू भटजींनी ऐन मुहूर्तावर पोथी घरी राहिली म्हणून सांगितलं.

मे महिन्यात आप्पा आले.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याहत्तर. सांगली जिल्ह्यात एसटीच्या वर्कशॉपमध्ये पस्तीस वर्षं नोकरी आणि तरुणपणी गावच्या संघातून कबड्डी. सहा महिने राहायला आलेल्या आईवडिलांचं इथे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: पहिला आठवडा कौतुकाचा, दुसरा फ्रीजच्या आकाराचा, तिसऱ्यापासून खिडकी. आप्पांनी खिडकीतून पंच्याऐंशीरावांचं गॅरेज हेरलं. दार सताड उघडं, आत टीव्ही, खुर्च्या, जुना फ्रीज, भिंतीवर पेटन या बेअर्सच्या जुन्या हिरोचं भलंमोठं चित्र.

"त्या माणसाचं वर्कशॉप बरं दिसतंय," म्हणाले आणि चपला घालून गेले. अर्ध्या तासाने मला फोन. पंच्याऐंशीरावांच्या फोनवरून. "जरा ये. ह्यो काय म्हणतोय ते सांग."

तिथून माझा वनवास सुरू झाला. रोज संध्याकाळी साडेसहाला, ऑफिसचा लॅपटॉप मिटला की मी दुभाषी. पहिल्या दिवशी पाच जणांची कामं समजावून दिली. आप्पांनी नीट ऐकलं.

"एकूण रेषेवर किती लागतात?"

नियमाने कमीत कमी सात. हे मी विचारून सांगितलं आणि आप्पा खुर्चीत सरसावून बसले. "सात? मग आपलंच हाय की! डावा कोपरा कोण?"

खेळ कुठलाही असो, आप्पांचा पहिला प्रश्न डाव्या कोपऱ्याचा. ते स्वतः तिथे खेळायचे. गंमत अशी, की प्रश्न बरोबर वर्मावर बसला. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक चेंडू मागे नेताना उजवीकडे वळतो, डाव्या बाजूने कोण येतंय ते त्याला दिसत नाही. म्हणून डावा टॅकल मोलाचा. बेअर्सनी मधली तिन्ही माणसं नवी आणली होती, उजव्या टोकाला डार्नेल राइट पक्का होता, आणि सबंध शिकागो ज्या एका जागेवरून भांडत होती ती हीच. मी भाषांतर केलं, तसे पंच्याऐंशीराव उठून उभे राहिले आणि त्यांनी आप्पांशी हस्तांदोलन केलं. सोळा वर्षांत माझ्याशी असं कधी केलं नव्हतं.

"मधी भिंत बांधली आणि दाराला कडी लावायची राहिली," आप्पा म्हणाले. हे इंग्रजीत सांगितलं, तर पंच्याऐंशीरावांनी ते मेहुण्याला फोन करून ऐकवलं. माझं वाक्य मला कोणी पुन्हा विचारलं नाही.

उमेदवार होते तीन-चार. ब्रॅक्स्टन जोन्स, आधीच्या तीन मोसमांचा मालक, पण डिसेंबरात घोटा मोडून बसलेला. ऑझी ट्रापिलो, एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत घेतलेला, कॉलेजात अलीकडे उजव्या बाजूला खेळलेला. याचे वडीलही या लीगमध्ये लाइनवरच खेळलेले, हे ऐकून आप्पांनी त्याला चार गुण आगाऊ दिले. "घराणं बघावं." आणि तिसऱ्याचं नाव वाचताना मी चूक केली. मी ते पूर्ण वाचलं.

"किरण?" आप्पा म्हणाले. "किरण कुणाचा?"

"किरण अमेगाजी. आप्पा, तो आपल्याकडचा नाही."

"नाव तर आपलंच हाय."

"फक्त नाव."

"शिकलेला कुठवर?"

इथे खोटं बोलायला हवं होतं. पण पंच्याऐंशीराव समोर होते, आणि तो मुलगा येल विद्यापीठात शिकलाय हे त्यांना माहीत होतं. शिवाय तो हिन्सडेलचा, म्हणजे आमच्या घरापासून वीसेक किलोमीटरवरचा. नाव किरण, शिक्षण येल, गाव शेजारचं, अंगकाठी टॅकलची. त्या संध्याकाळी आप्पांचं मत ठरलं आणि नंतर ते हललं नाही. पंच्याऐंशीराव जोन्सच्या बाजूचे: एकदा घोटा बरा झाला की अनुभव तो अनुभव. आप्पांचं म्हणणं, मोडलेला घोटा कोपऱ्यात उभा करायचा नसतो. आणि हे दोघं जे एकमेकांना म्हणत होते ते सगळं माझ्या तोंडून जात होतं, त्यामुळे दोघांचाही राग माझ्यावर. "त्याला म्हणावं, तुला कळत न्हाई," असं आप्पा म्हणाले, की मी म्हणायचो, "वडिलांना यात थोडा वेगळा पैलू दिसतो." आप्पा ताबडतोब, "एवढं लांब कशाला बोलला? मी दोनच शब्द बोललो."

खरी अडचण आली ती नियमांची. लाइनमनने समोरच्याला ढकलायचं, पण धरायचं नाही. धरलं की होल्डिंग, दहा यार्ड दंड.

"धरायचं न्हाई?" आप्पांना मी खाली बसायला सांगितलं. "मग पकड कशी करायची?"

"पकड करायचीच नाही. अडवायचं."

"चेंडू खेळात यायच्या आधी हलला तर?"

"पाच यार्ड दंड."

"पुढं फेकलेला चेंडू झेलला तर?"

"त्यांना तशी परवानगी नसते."

"म्हणजे धरायचं न्हाई, हलायचं न्हाई, चेंडूला हात लावायचा न्हाई." आप्पांनी बोटं मोजली. "आणि त्या मधल्याला पगार किती म्हणालास?" मी वर्षाला एक कोटी चाळीस लाख डॉलरचे रुपये करून सांगितले, तर ते एकशे वीस कोटींच्या घरात गेले. आप्पा बराच वेळ पेटनच्या चित्राकडे बघत बसले. "आमच्या डेपोत असली दहा-बारा माणसं होती," शेवटी म्हणाले. "फुकट गेली."

हे मी भाषांतरित केलं नाही.

एक शब्द मात्र जमला. लाइनमनने समोरच्याला पार उताणा पाडला, की इथे त्याला पॅनकेक म्हणतात. मी सहज "धिरडं" म्हणून गेलो. आप्पांना तो शब्द इतका आवडला, की तव्यावर पडल्याचा हातवारा करून त्यांनी तो पंच्याऐंशीरावांना शिकवला. आता ते सकाळी पेपर उचलायला बाहेर आले की लांबूनच ओरडतात, "ढिर्डा!" आमच्या समोर राहणाऱ्या तमिळ बाईंनी हिला हळूच विचारलं, की हे तुमच्यात सकाळचं अभिवादन आहे का.

जुलैअखेर लेक फॉरेस्टला सराव शिबिर सुरू झालं आणि वाद तापला. एक दिवस जोन्स पहिल्या फळीत, एक दिवस किरण, एक दिवस ऑझी. पंच्याऐंशीराव बातमी वाचायचे, मी सांगायचो, आप्पा मान हलवायचे. दर संध्याकाळी तीन तास. ऑफिसात एकाने विचारलं, तू मॅनेजमेंटची परीक्षा वगैरे देतोयस का, डोळे ओढलेले दिसतात. मी म्हणालो, लेफ्ट टॅकल. त्याने समजूतदारपणे खांद्यावर हात ठेवला.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी पंच्याऐंशीरावांनी मक्याची कणसं भाजली. इलिनॉयचा ऑगस्टातला मका म्हणजे काय सांगू, पण आप्पांच्या मते त्याला एकच खोड, लोणी. त्यांनी घरून तिखट-मीठ आणि अर्धं लिंबू नेलं होतं. पंच्याऐंशीरावांनी एक घास घेतला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि दुसरं कणीस पुढे केलं. वातावरण इतकं छान झालं, की घोट्याचा विषय निघायलाच नको होता.

निघाला. आणि आप्पा म्हणाले, "तोंडानं कशाला? दावतोच."

मांडणी अशी ठरली. पंच्याऐंशीराव क्वार्टरबॅक, हातात चेंडू. त्यांच्या डावीकडे पुढे आप्पा, डावा कोपरा. मी समोरचा, म्हणजे धावत येऊन क्वार्टरबॅकला पाडणारा. मी पन्नाशीकडे झुकलेला, गुडघ्यांचा, दिवसभर खुर्चीत बसणारा. पण एक क्षण, खरं सांगतो, मला त्या 68 सॅकवाल्यांचा आनंद काय असेल ते कळलं. तीन महिन्यांचं भाषांतर अंगात साचलं होतं. पंच्याऐंशीराव "हट" म्हणाले आणि मी सुटलो.

आप्पा सरळ उभे होते. मी बाहेरच्या बाजूने वळसा घेतला. आपण निसटलो असं वाटलं तेवढ्यात माझा डावा पाय माझ्यापाशी नव्हता. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, खाली बसून, दोन्ही हातांनी घोटा. कपाळ गवतात, तोंडात गवत, कोपर सोललेलं.

"ढिर्डा!" पंच्याऐंशीराव ओरडले. मग त्यांना नियम आठवला. चूक पुकारताना पंच पिवळं फडकं टाकतात, तसा त्यांनी कणसांवर झाकलेला पिवळा नॅपकिन उचलून माझ्या पाठीवर टाकला. "होल्डिंग!"

"काय म्हणतोय?" आप्पांनी विचारलं. घोटा अजून सोडला नव्हता.

"धरलंत म्हणतायत. दहा यार्ड."

"धरलं न्हाई, पकड केली. सांग त्याला. पकड आणि धरणं यात फरक हाय."

मी जमिनीवर तोंड ठेवून तो फरक इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. पंच्याऐंशीरावांनी तो मानला नाही. 1985 साली कव्हर्टने असं केलं असतं तरी नॅपकिन पडला असता, म्हणाले. आप्पांनी मग खिलाडूपणे दंड कबूल केला, पण मोजणी माझ्या देखरेखीखाली नको, दोघांनी मिळून करू, अशी अट घातली. ती न बोलताच समजली. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले आणि मोठी पावलं टाकत मागे निघाले: पंच्याऐंशीराव इंग्रजीत मोजतायत, आप्पा मराठीत. हिरवळीची हद्द सहाव्या पावलाला ओलांडली. आठव्याला आमची टोमॅटोची रोपं. दहाव्याला दोघं थांबले, वळले आणि आप्पांनी पुन्हा पवित्रा घेतला. मला हात द्यायला कोणी आलं नाही, खेळ चालू होता.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"अहो," हिचा आवाज आला, "माझ्या मेथीत कोण उभं आहे?"

"डावा कोपरा," मी म्हणालो.