काउंट नॉर्मल आहे म्हणून डायलिसिस चुकवू नका

"डायलिसिसचं मशीन पांढऱ्या पेशी मारतं, म्हणून इन्फेक्शन होतं. दोनऐवजी आठवड्यातून एकदाच करा, पपईच्या पानांचा रस प्या. पेशी नॉर्मल असतील तर इन्फेक्शनची भीती नाही." हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. बाबांच्या शेजारच्या बेडवरच्या काकांनी तो वाचून सोमवारची पाळी चुकवली, म्हणून लिहितेय.

मशीन पेशी मारत नाही. डायलिसिस सुरू होताच पांढऱ्या पेशींचा आकडा झपकन उतरतो हे 1968 मध्येच नोंदलं गेलं होतं. पण तेव्हाच्या मशीनमधल्या, रक्त गाळणाऱ्या सेल्युलोजच्या पडद्याला रक्त लागलं की पेशी चेकाळून फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत चिकटून बसत आणि थोड्या वेळाने परत रक्तात येत. आजच्या पॉलिसल्फोन या प्लास्टिकच्या डायलायझरने (रक्त गाळणाऱ्या फिल्टरने) ही घट फारच थोडी होते.

पेशी दुबळ्या होतात त्या मुख्यतः किडनी बंद पडल्याने. रक्तात साचलेल्या घाणीमुळे जंतू गिळून मारण्याची त्यांची ताकद कमी होते. लसही नीट लागत नाही; हिपॅटायटिस बीची लस डायलिसिसच्या पेशंटला 20ऐवजी 40 मायक्रोग्रॅम देतात ती त्यामुळेच. मग डायलिसिस कमी करून ही घाण वाढवायची का?

पानांच्या रसात पोटॅशियम असतं. किडनी ते बाहेर टाकत नसेल तर हृदय बंद पडू शकतं. एवढं पुरे.

सगळ्यात घातक शेवटचं वाक्य. 4,000 ते 11,000 हा नॉर्मल काउंट पांढऱ्या पेशी किती ते सांगतो, त्या लढतात किती ते नाही. बाबांच्या गळ्यात कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिनीत घातलेली नळी, होती तेव्हाची गोष्ट. सकाळचा काउंट 8,200. मशीन लावून अर्धा तास झाला आणि त्यांना हुडहुडी भरली. दोन ब्लँकेटं घातली तरी दात वाजत होते, पलंगाची दांडी खडखडत होती. थर्मामीटरवर जेमतेम 99. सिस्टरने रिपोर्टकडे पाहिलंही नाही, आधी डॉक्टरांना बोलावलं आणि रक्तात जंतू आहेत का हे पाहायला ब्लड कल्चर घेतलं. कॅथेटरमधले जंतू रक्तात गेले होते. किडनीच्या पेशंटला इन्फेक्शनमध्येही ताप बऱ्याचदा चढत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे कॅथेटरऐवजी हाताची धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केल्यावर तो धोका बराच कमी झाला.

काका, गुरुवारी नक्की या. तुमच्या गळ्याच्या ड्रेसिंगची कड सुटलीय, ती सिस्टरला आधी दाखवा.