साडेपाच तासांचा हिशेब: आपल्या अभिप्रायाला उत्तर

आदरणीय महोदय,

आपला अभिप्राय वाचला. सोमवारी सकाळी आपल्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकावर, टर्मिनलवरून लॉगॉन होईना, म्हणून आपण आम्हाला ९.०५ वाजता फोन केला आणि काम २.३५ वाजता पूर्ण झाले. त्यावर ‘एका कमांडच्या कामाला साडेपाच तास लावले, शेजारच्या टेबलावरचे टर्मिनल चालू आहे एवढी साधी गोष्टही यांच्या लक्षात आली नाही, उलट आमच्याच माणसांना प्रश्न विचारत बसले’ असे आपण लिहिले आहे.

त्या साडेपाच तासांत आपली माणसे हात बांधून बसली होती आणि काम नेमके कोठे अडले आहे हे आम्ही आपल्याला वेळोवेळी सांगितले नाही, याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. आमच्या सहकाऱ्याने एक ईमेल पाठवला, दोनदा फोन केला आणि मग उत्तराची वाट पाहिली. त्याने तेव्हाच मला कळवायला हवे होते आणि मी थेट आपल्याशी बोलायला हवे होते. ‘आधी सेन्स कोड द्या, मग पुढचे बघू’ हे त्याचे वाक्य (सेन्स कोड म्हणजे नकाराचे कारण सांगणारा पडद्यावरचा अंक) अडलेल्या माणसाला तुटक वाटणे साहजिक आहे. त्याबद्दलही दिलगीर आहे.

परंतु वेळेबद्दल आपण जे लिहिले आहे, ते तसेच राहू देणे मला शक्य नाही. या क्षेत्रात काम करणारी माणसे मोजकी आहेत, आम्हाला कामे एकमेकांच्या शब्दावर मिळतात आणि साडेपाच तासांचा तो आकडा वाचून उद्या कोणी आम्हाला फोन करायचे टाळले, तर ते नुकसान भरून काढण्याचा कोणताही मार्ग माझ्याकडे नाही.

९.२० वाजता, म्हणजे आपल्या फोननंतर पंधरा मिनिटांत, आम्ही तीन गोष्टी विचारल्या होत्या. पडद्यावर नेमके काय दिसते आहे, त्याचा फोटो. सर्व टर्मिनल बंद आहेत की काही चालू आहेत. आणि शनिवार-रविवारी नेटवर्कच्या व्याख्यांमध्ये काही बदल केला आहे का. या प्रश्नांना आलेले उत्तर ‘काहीच चालत नाही, लवकर करा’ एवढेच होते. प्रत्यक्ष माहिती आणि कन्सोल, म्हणजे यंत्राचा नियंत्रण-पडदा, पाहण्याची परवानगी ११.५५ वाजता मिळाली, कारण परवानगी देणारे अधिकारी बैठकीत होते. बैठकीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मात्र ते २ तास ३५ मिनिटे आमच्या नावावर मांडली जावीत, हे मला योग्य वाटत नाही.

हे प्रश्न आम्ही वेळ काढण्यासाठी विचारले नव्हते. ‘लॉगॉन होत नाही’ या तीन शब्दांत किमान तीन निरनिराळे बिघाड लपलेले असतात. पडदा कोरा असेल आणि लॉगॉनचे पहिले पानच येत नसेल, तर बिघाड टर्मिनल आणि व्हीटॅम (मेनफ्रेमवर टर्मिनलच्या जोडण्या सांभाळणारी प्रणाली) यांच्यामध्ये कोठेतरी असतो: एम्युलेटरची (टर्मिनलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामची) जोडणी, ती जोडणी घेणारा टीएन३२७० सर्व्हर, किंवा निष्क्रिय पडलेले एलयू (व्हीटॅमच्या लेखी टर्मिनलची ओळख). पहिले पान येते, ॲप्लिकेशनचे नाव टाकल्यावर मात्र नकार मिळतो, तेव्हा सेशन, म्हणजे टर्मिनल आणि ॲप्लिकेशन यांच्यातील जोडणी, बांधताना अडचण आलेली असते. आणि पासवर्ड विचारल्यानंतर नकार येत असेल, तर नेटवर्कचा त्यात काही संबंध नसतो. तेथे आरएसीएफ (सुरक्षा आणि परवानग्या पाहणारी प्रणाली) किंवा टीएसओकडे (ज्यात वापरकर्ते लॉगॉन करून काम करतात ती प्रणाली) पाहावे लागते. या तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर बिघाड वाढतो. रुग्ण न पाहता औषध देणे जसे धोक्याचे, तसेच हे आहे.

दुसऱ्या प्रकारच्या नकारासोबत सोळा आकडी पद्धतीतील आठ अंकांचा एक सेन्स कोड येतो, आणि त्याचे पहिले चार अंक पाहिले तरी दिशा कळते. ०८५७ म्हणजे त्या एलयूचे व्हीटॅमच्या नियंत्रण केंद्राशी सेशनच चालू नाही. ०८०५ म्हणजे सेशनची मर्यादा भरली आहे. ०८०१ म्हणजे हवे असलेले साधन उपलब्ध नाही. ०८२१ म्हणजे सेशनसाठी मागितलेली मापे चुकीची आहेत. आपल्या टर्मिनलवर ‘सेशन प्रस्थापित करता आले नाही’ या ओळीच्या शेवटी असाच एक कोड सकाळी ८.४० पासून उभा होता, आणि तोच सिस्टिम लॉगमध्येही नोंदला गेला होता. त्या एका फोटोत तो आम्हाला ९.२५ वाजता वाचता आला असता.

कन्सोल मिळाल्यावर ११.५५ ते १२.२०, अशा पंचवीस मिनिटांत दोष सापडला. कोड ०८२१ ने सुरू होत होता. रविवारी रात्री आपल्याकडे टीएन३२७० सर्व्हरच्या प्रोफाइलमध्ये मोठ्या पडद्याच्या टर्मिनलसाठी, म्हणजे २७ ओळी आणि १३२ स्तंभांच्या मॉडेल ५ साठी, नव्या लॉगमोडचे (सेशनची मापे ठरवणाऱ्या नोंदीचे) नाव घातले गेले होते, पण त्या नावाची नोंद लॉगमोडच्या तक्त्यात केलेलीच नव्हती. ज्याचा एम्युलेटर मॉडेल ५ वर लावलेला असे, त्या प्रत्येकाला नकार मिळत होता. २४ ओळी आणि ८० स्तंभांचे मॉडेल २ वापरणाऱ्यांचा लॉगमोड जुनाच होता, म्हणून त्यांचे काम विनासायास होत होते. शेजारच्या टेबलावरचे टर्मिनल चालू होते ते यामुळेच.

ती गोष्ट आमच्या लक्षात आली नाही असे आपण लिहिले आहे. महोदय, ती गोष्ट आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती. आम्ही आपल्या इमारतीत नव्हतो, शेजारचे टेबल आम्हाला दिसत नव्हते आणि नेमका हाच आमचा दुसरा प्रश्न होता. ‘याचे चालते, त्याचे चालत नाही’ एवढे कळले असते, तर पहिला संशय लॉगमोडवरच गेला असता. आपल्या अभिप्रायातील हे वाक्य मला सर्वांत जास्त लागले.

आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे, आणि ती मी कोणावर ठपका ठेवण्यासाठी सांगत नाही. आम्हाला फोन येण्यापूर्वी, ८.५० च्या सुमारास, आपल्या पाळीवरील ऑपरेटरने टीएन३२७० च्या एलयूंचा अख्खा मेजर नोड, म्हणजे त्यांचा एकत्रित गट, सक्तीच्या पर्यायासह निष्क्रिय करून पुन्हा सक्रिय केला होता. घाईत कोणीही असे करील. परंतु तोपर्यंत ज्यांचे काम सुरळीत चालले होते, त्यांचीही सेशन त्यामुळे तुटली. त्यांचे टीएसओ वापरकर्ते यंत्राच्या लेखी आत बसलेलेच राहिले, आणि पुन्हा लॉगॉन करू गेल्यावर ‘युजर आयडी वापरात आहे’ असा नकार येऊ लागला. मूळ दोषाशी या नकाराचा संबंध नव्हता. लॉगॉनच्या पानावर रिकनेक्टच्या समोर एस हे अक्षर टाकले की अशा वेळी जुने सेशन परत मिळते, पण ते सांगणारे कोणी जवळ नव्हते, म्हणून काही लोक तासभर तेच तेच करत राहिले. ‘काहीच चालत नाही’ हे उत्तर आले, तोपर्यंत दोन निराळे बिघाड एकमेकांत मिसळले होते.

१२.२० ला आम्ही उपाय लिहून कळवला. चालू यंत्रणेवर बदल करण्यासाठी आपल्याकडूनच मंजुरी लागते आणि तो नियम योग्यच आहे, ती १.१० ला आली. त्यानंतर तक्त्यात नोंद घालणे, तो पुन्हा असेंबल आणि लिंक करून, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा रूपात आणून, व्हीटॅमच्या लायब्ररीत ठेवणे, आणि शेवटी एका मॉडिफाय कमांडने नवा तक्ता चढवणे एवढे काम होते. ती कमांड खरोखरच एका ओळीची आहे. तिच्यामुळे व्हीटॅम बंद न करता तक्ता बदलता आला आणि ज्यांची सेशन चालू होती त्यांना धक्का लागला नाही. व्हीटॅम बंद करून चालू करणे हा सोपा मार्ग होता. तो आम्ही जाणीवपूर्वक टाळला. पुढचा वेळ प्रत्येक विभागातील एकेका टर्मिनलवरून लॉगॉन तपासण्यात आणि अडकलेले टीएसओ वापरकर्ते मोकळे करण्यात गेला.

याचा हिशेब असा होतो की ३३० मिनिटांपैकी २०५ मिनिटे उत्तराची आणि मंजुरीची वाट पाहण्यात गेली, आणि १२५ मिनिटे आम्ही प्रत्यक्ष काम केले. या १२५ मिनिटांत आणखी घट होऊ शकली असती का, असे आपण विचारले असते तर मी प्रामाणिकपणे ‘कदाचित पंधरा-वीस मिनिटे’ असे उत्तर दिले असते.

हे तंत्रज्ञान जुने आहे, मग इतके अवघड का, असेही आपण विचारले आहे. ३२७० टर्मिनल १९७१ सालचे आणि एसएनए, म्हणजे आयबीएमची नेटवर्क रचना, १९७४ साली जाहीर झालेले, हे खरे. पण त्या काळी टर्मिनल, केबल आणि कंट्रोलर डोळ्यांसमोर असत. आज तेच ३२७० एम्युलेटरच्या रूपाने टीसीपी/आयपीवरून येते, जुन्या रचनेवर नवी रचना बसवलेली आहे आणि दोन्हींच्या सांध्यावर एखादे नाव चुकले तर पडद्यावर एक ओळ दिसते, बाकी काही नाही. मी या सांध्यांवर २२ वर्षे काम करतो आहे. ते सोपे असते, तर आम्हाला बोलावण्याची गरज आपल्याला पडली नसती.

यापुढे अडचणीच्या वेळी ग्राहकाला ठरावीक अंतराने फोन करण्याची व्यवस्था आम्ही करत आहोत, आणि पहिल्या पंधरा मिनिटांत कोणती माहिती लागते याचा एक कागद आपल्या ऑपरेटरांसाठी पाठवू. बिलाबद्दल आपल्या लेखा विभागाशी वेगळे बोलता येईल. सोमवारच्या सर्व नोंदी, वेळांसह, मी आपल्या कार्यालयाला पाठवल्या आहेत. त्या आपण स्वतः वाचाव्यात, आणि त्यानंतर ‘साडेपाच तास लावले’ हे वाक्य बदलावेसे वाटले तर बदलावे, एवढी नम्र विनंती आहे.

आपला विश्वासू,
संचालक