बोगदे नव्हते, खटले होते

सॅन फ्रान्सिस्कोहून कुणाचे फोटो आले की त्यामागे हा फॉरवर्ड हमखास येतो: ‘तिथल्या चायनाटाउनच्या पोटात बोगद्यांचं जाळं होतं, त्यात अफूचे अड्डे. वरची नक्षीदार छपरं चिन्यांनी जुन्या आठवणीवरून बांधली. बिचारे मुकाट राबले, चकार शब्द काढला नाही.’

आधी बोगदे. १८ एप्रिल १९०६ ला भूकंप झाला आणि पाठोपाठच्या आगीत अख्खं चायनाटाउन जळालं. जमीन उघडी पडली तेव्हा दिसली ती तळघरं, जाळं कुठेच नाही. अफूचे अड्डे होते, ते कशाला नाकारू? पण गोरे गाईड पर्यटकांना रात्री फिरवायचे आणि चार पैसे देऊन असे अड्डे मुद्दाम मांडूनही दाखवायचे. कादंबरीकारांनाही बोगदा सोयीचा: पात्र एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर.

छपरांचं थोडक्यात. आगीआधी तिथे शहरात इतरत्र होत्या तशाच साध्या विटांच्या इमारती होत्या. आगीनंतर चिन्यांना शहराच्या टोकाला, हंटर्स पॉइंटला हलवायचा घाट घातला गेला. तेव्हा लुक टिन एली या व्यापाऱ्याने टी. पॅटरसन रॉस या गोऱ्या आर्किटेक्टकडून पॅगोडाछाप इमारत उठवली. पर्यटक आले, शहराला पैसा मिळाला, की आपल्याला कोण हलवतंय, असा रोकडा हिशेब.

आता ‘मुकाट’. खरा राग मला याचाच येतो.

१८७० मध्ये शहराने नियम केला: राहत्या खोलीत माणशी ५०० घनफूट हवा हवीच. धाडी पडल्या त्या चायनाटाउनवर. पकडलेले दंड भरेनात, सरळ तुरुंगात जाऊ लागले. तुरुंग इतके भरले की माणशी ५०० घनफूट तिथेच मिळेना! मग त्यांची खोड मोडायला १८७६ मध्ये कैद्यांचे केस इंचभर ठेवून कापायचा हुकूम निघाला, म्हणजे चिनी पुरुष पाठीवर सोडत ती लांब वेणीच गेली. हो आ काऊ कोर्टात गेला आणि १८७९ मध्ये तो हुकूम रद्द झाला.

लाँड्रीचा खटला तर त्याहून मोठा. लाकडी इमारतीत लाँड्री चालवायची तर परवानगी घ्या, असं १८८० मध्ये ठरलं. कारण आगीच्या धोक्याचं. शहरात सुमारे ३२० लाँड्र्या, त्यातल्या ३१० लाकडी. जवळपास २०० चिन्यांनी अर्ज केले, सगळे फेटाळले. चिनी नसलेल्या ८० जणांना एक सोडून सगळ्यांना परवानगी. ली यिक बावीस वर्षं धंद्यात होता. त्याने १० डॉलरचा दंड भरला नाही, आत गेला आणि १८८६ मध्ये थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात एकमताने जिंकला. खटला ओळखला जातो ‘यिक वो’ म्हणून. ते नाव त्याचं नव्हे, लाँड्रीचं!

आणि वाँग किम आर्क. सॅन फ्रान्सिस्कोतच जन्मलेला स्वयंपाकी. १८९५ मध्ये चीनहून परतताना ‘तू इथला नागरिक नाहीस’ म्हणून त्याला उतरू दिलं नाही, महिनोन्‌महिने बोटींवर अडकवून ठेवलं. तो लढला. १८९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, इथे जन्मला तो इथला नागरिक. एच-वन व्हिसावर गेलेल्या पुण्या-ठाण्याच्या जोडप्यांच्या मुलांना तिथला निळा पासपोर्ट मिळत आला तो याच निकालाच्या जोरावर. आणि मला तो ‘मुकाट’वाला फॉरवर्ड गेल्या खेपेला आला, तो नेमका अशाच एका घरातून.