शायलॉकचा खटला रक्ताच्या थेंबावर संपत नाही, पुढचं पण वाचा

शेक्सपियरच्या मर्चंट ऑफ व्हेनिस या नाटकाची गोष्ट आपल्याकडे एकाच साच्यात फिरते. एक लोभी ज्यू सावकार शायलॉक, एक सज्जन व्यापारी अँटोनिओ, कर्ज फिटलं नाही तर अंगावरचं पौंडभर मांस कापून द्यायचा करार, मग कोर्टात पुरुषाच्या वेषात आलेली हुशार पोर्शिया म्हणते की मांस घे पण रक्ताचा एक थेंब सांडता कामा नये, सावकाराची जिरते, सज्जन सुटतो. खाली तात्पर्य, कायदा सगळ्यांना सारखा आणि बुद्धीपुढे लोभ हरतो. मी आयसीएसई बोर्डाच्या मुलांना हे नाटक शिकवलंय, मुलं वर्गात येतानाच ही गोष्ट डोक्यात घेऊन येतात आणि मग मूळ संवाद समोर असूनही त्यांना तो दिसत नाही, याचा मला खरंच त्रास होतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिलं म्हणजे लोभ. शायलॉकला पैशाची हाव नाही असं मी म्हणणार नाही, अँटोनिओ बिनव्याजी पैसे देऊन बाजारातला व्याजदर पाडतो याचा राग तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. पण खटल्यात काय होतं बघा. कर्ज ३,००० डुकॅट, म्हणजे तेव्हाची सोन्याची नाणी, अँटोनिओने ते ज्या मित्रासाठी काढलं तो बसानिओ भर कोर्टात ६,००० समोर ठेवतो, आणि शायलॉक म्हणतो यातल्या प्रत्येक डुकॅटचे सहा तुकडे होऊन प्रत्येक तुकड्याचा एक डुकॅट झाला तरी मला नको. लोभी माणूस असं बोलेल का? मूळ कर्ज सुद्धा त्याने बिनव्याजी दिलेलं आहे. त्याला सूड हवाय, आणि तो कशाचा हे कळायला पहिल्या अंकातला तिसरा प्रवेश वाचावा लागतो, जो या गोष्टीतून नेमका गळलेला असतो.

म्हणजे आता अँटोनिओच्या सज्जनपणाकडे यायला हवं. मित्रासाठी जीव टाकणारा माणूस आहे, मान्य. पण शायलॉक त्याला तोंडावर सांगतो की तू मला कुत्रा म्हणालास, माझ्या दाढीवर थुंकलास, लाथ मारलीस, आणि आता पैसे मागायला आलास. यावर अँटोनिओ काय म्हणतो? नाही म्हणत नाही, माफी मागत नाही, तो म्हणतो मी पुन्हा तसंच म्हणेन, पुन्हा थुंकेन, तुला पैसे द्यायचे तर शत्रूला देतोय असं समजून दे. हे कर्ज मागतानाचं बोलणं आहे! वर्गात हा भाग दोन मुलांना उभं करून मोठ्याने वाचायला लावला की आपोआप शांतता पसरते, मला वेगळं काही सांगावं लागत नाही.

मग 'ज्यू म्हणजे सावकार' हे जे गृहीत धरलेलं असतं त्याबद्दल थोडक्यात. युरोपात ठिकठिकाणी ज्यूंना जमीन घेता येत नव्हती, कारागिरांच्या संघटनांमध्ये शिरता येत नव्हतं, आणि ख्रिश्चनांना व्याजावर पैसे द्यायला चर्चची मनाई, त्यामुळे तेवढा धंदा यांच्यासाठी मोकळा राहिला. व्हेनिसने १५१६ मध्ये त्यांना घेट्टोत, म्हणजे वेगळ्या बंदिस्त वस्तीत, राहायला लावलं, रात्री दरवाजे बंद आणि पहारेकऱ्यांचा पगार सुद्धा ज्यूंच्याच खिशातून. आणि इंग्लंडचं म्हणाल तर तिथून ज्यूंना १२९० मध्येच हाकललं होतं, धर्म लपवून राहणारे मोजके सोडले तर शेक्सपियरच्या लंडनमध्ये ज्यू नव्हतेच, म्हणजे तिथे व्याजाचा धंदा ख्रिश्चनच करत होते. खुद्द शेक्सपियरच्या वडिलांवर १५७० मध्ये बेकायदा व्याज घेतल्याचा आरोप झाला होता. आणि आपल्याला तर लांब जायलाच नको, कोकणातले बेने इस्रायल ज्यू पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे, मराठी बोलायचे. कुठला आलाय जन्मजात सावकार.

आता निःपक्षपाती न्यायाचं बघू. पोर्शिया वकील नाही, पडुआच्या एका कायदेपंडिताचं पत्र घेऊन खोट्या नावाने आलेली आहे, आणि मुख्य म्हणजे ज्या बसानिओसाठी हे कर्ज काढलं गेलं त्याची ती नवीन लग्नाची बायको आहे. तिची हुशारी मी अजिबात नाकारत नाही, बाईला कोर्टात उभं राहायलाच जागा नसलेल्या काळात ती भरल्या कोर्टात सगळ्यांना गप्प करते हे मुलींना फार आवडतं आणि आवडायलाच हवं. पण ज्याचा स्वतःचा संबंध आहे त्याने निकाल देऊ नये ही न्यायाची अगदी प्राथमिक गोष्ट आहे आणि ती इथे पाळलेली नाही. त्यात याच पोर्शियाने आधी तिच्याशी लग्न करायला आलेला मोरोक्कोचा राजपुत्र, लग्नाची अट म्हणून ठेवलेल्या पेट्यांमधली चुकीची पेटी निवडून परत गेल्यावर म्हटलेलं असतं की याच्या रंगाचे सगळे असेच चुकोत. म्हणजे परक्यांबद्दलचा आकस काही फक्त बाजारातल्या टवाळ पोरांमध्ये नाहीये, तो पोर्शियाच्या बेलमाँटच्या श्रीमंत घरात पण आहे.

पण सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा, आणि खरं तर यासाठीच हे सगळं लिहितेय. गोष्ट रक्ताच्या थेंबावर संपवतात ना, खटला तिथे संपत नाही. संवाद क्रमाने बघा. रक्ताची अट ऐकल्यावर शायलॉक लगेच म्हणतो, ठीक आहे, तिप्पट पैसे द्या आणि याला जाऊ द्या. बसानिओ म्हणतो हे घे पैसे. पोर्शिया त्याला थांबवते. मग शायलॉक आणखी खाली येतो, फक्त मुद्दल द्या, मी जातो. बसानिओ पुन्हा म्हणतो तयार आहे. पोर्शिया पुन्हा नाही म्हणते, भर कोर्टात नाकारलंस आता फक्त न्याय मिळेल. शेवटी तो म्हणतो मला काहीच नको, आणि निघतो. अँटोनिओ वाचलेला आहे, भांडण संपलंय. आणि तेव्हा पोर्शिया म्हणते थांब ज्यू, कायद्याची अजून एक पकड आहे तुझ्यावर.

ती पकड कुठली? व्हेनिसचा असा कायदा की एखाद्या परक्याने नागरिकाच्या जिवावर उठायचा प्रयत्न केला तर त्याची अर्धी संपत्ती त्या नागरिकाला, अर्धी सरकारला, आणि जीव ड्यूकच्या, म्हणजे शहराच्या शासकाच्या, हातात. परक्याने! शायलॉक या शहरात राहतो, व्यवहार करतो, इथल्या कायद्यावर एवढा विश्वास ठेवतो की सुरी बुटाच्या तळव्यावर घासत उभा आहे. तिसऱ्या अंकात अँटोनिओच म्हणतो की ड्यूक कायदा मोडू शकत नाही, कारण शहराचा व्यापार सगळ्या देशांच्या लोकांवर चालतो, परक्यांचे हक्क नाकारले तर राज्याच्या न्यायाला बट्टा लागेल. म्हणजे करारापुरता कायदा सारखा. आणि परका नागरिकाविरुद्ध हरून सगळं सोडून निघाला तरी दुसरा कायदा बाहेर येतो, ज्यात नागरिक आणि परका हे दोन वेगळे गट आधीच लिहून ठेवलेले आहेत. 'कायदा सगळ्यांना सारखा' हे तात्पर्य याच प्रवेशाच्या पोटात खोटं ठरतं, आणि ही गोष्ट फिरवणारे बरोब्बर त्याच्या एक पाऊल आधी थांबतात.

आणि दया? ड्यूक जीव वाचवतो हे खरं. पण याच खटल्यात पोर्शिया दयेवर जे सुंदर भाषण करते त्यात दया आकाशातून पावसासारखी आपोआप पडते, तिच्यावर जबरदस्ती नसते, आणि थोड्याच वेळात अँटोनिओ अट घालतो की याने ख्रिश्चन व्हावं आणि मेल्यावर सगळं मुलीला आणि तिला पळवून नेणाऱ्या जावयाला मिळावं, नाहीतर ड्यूक दिलेली माफी मागे घेणार. तेव्हाच्या प्रेक्षकांपैकी काहींना आत्मा वाचवला म्हणून हीच दया वाटली असेल. पण ज्या इटालियन कथेवरून शेक्सपियरने हे घेतलं, इल पेकोरोने, १५५८ ला छापलेली, त्यात ज्यू करार फाडून निघून जातो, धर्मांतर नाहीच. ते शेक्सपियरने घातलंय. मेलेल्या बायकोने दिलेली अंगठी मुलीने एका माकडाच्या बदल्यात देऊन टाकली हे ऐकून कळवळणारा बाप पण त्यानेच घातलाय. 'त्या काळी सगळे असंच लिहायचे' म्हणून हे झटकता येत नाही.

उलट्या बाजूचे, म्हणजे शायलॉकची बाजू घेणारे, लोक पण अर्धवटच शेअर करतात हेही सांगते. 'ज्यूला डोळे नसतात का, टोचलं तर आमचं रक्त येत नाही का' एवढ्या ओळी माणुसकीचा संदेश म्हणून फिरतात, पण ते भाषण सूडावर संपतं, तुम्ही शिकवलेलं दुष्टपण मी करून दाखवेन यावर. शायलॉक निरपराध नाही, तो माणूस मारायला तराजू घेऊन आलाय. मी त्याची वकिली करत नाहीये.

राहता राहिलं, मग असलं नाटक शाळेत कशाला. ही भीती पोकळ नाही, १९४३ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या व्हिएन्नात बुर्गथिएटर या नाट्यगृहात वेर्नर क्राउस या नटाला शायलॉक करून हेच नाटक ज्यूद्वेष भडकवायला वापरलं होतं. पण अभ्यासक्रमातून काढलं तरी ती कापलेली गोष्ट फिरतच राहणार, फक्त मुलांच्या हातात मूळ संवाद नसेल. त्यापेक्षा चौथ्या अंकाचा पहिला प्रवेश अख्खा वाचून घ्या, शायलॉक 'मला बरं वाटत नाहीये' म्हणून जाईपर्यंत, आणि मग मुलांना एवढंच विचारा की बसानिओ पैसे घेऊन उभा होता, शायलॉक जायला तयार होता, तरी खटला पुढे का चालवला.